नानाकाकांच्या इंजिनाचा फैसला

आमचे नानाकाका दुधी करायचा की दोडका, याचासुद्धा दोन्ही बाजू ऐकून फैसला देत.

हे मी वाढवून सांगत नाही. रोज सकाळी त्यांची स्वयंपाकीण भागीरथीबाई दोन्ही भाज्या ताटात घेऊन ओसरीवर येई. काका चष्मा लावत.

"दोडक्याचं म्हणणं काय?"

"दोडका उद्यापर्यंत जून होईल."

"बरं. आणि दुधीचं?"

"दुधीचं काही म्हणणं नाही. दुधी गप्प आहे."

"गप्प आहे म्हणून त्याच्यावर अन्याय होता कामा नये," असं म्हणून काका विचारात पडत. भागीरथीबाई थोडा वेळ उभी राही आणि मग आत वळता वळता म्हणे, "मी दोडका चिरायला घेते. तुमचा फैसला झाला की कळवा."

तुम्ही मुलांनी त्यांना पाहिलेलं नाही. पण तुमच्या मागच्या पत्रात वाचलं की गाडीचं इंजिन पार बिघडलं आहे आणि ते दुरुस्त करावं की नवं बसवावं यावरून घरात दोन तट पडले आहेत, आणि मला नानाकाका आठवले. तुमच्या भांडणाला त्यांचा काही उपयोग होईल असं नाही. तरी क्रमाने सांगते.

नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. धारला आमच्या शेजारच्याच घरात राहत. दरबारात ते न्यायाधीश होते आणि मी दहा-अकरा वर्षांची असताना, म्हणजे हे विसावं शतक नवं नवं होतं तेव्हा, नुकतेच पेन्शनीत निघाले होते. तीस वर्षांत आपल्या एकाही निकालाला कुणी अन्याय म्हटलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. माझे वडील म्हणत, "कसे म्हणतील? पेशीवर पेशी पडून लोक थकायचे आणि बाहेर चिंचेखाली बसून आपसात मिटवून घरी जायचे."

पेशी म्हणजे खटल्याची तारीख. "पुढची पेशी!" हे काकांचं सर्वांत आवडतं वाक्य होतं. एकदा मांजराने दुधाचं पातेलं पालथं केलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आरोपी हजर आहे का?"

"आरोपी कौलावर बसून मिशा चाटतोय," भागीरथीबाई म्हणाली.

"मग एकतर्फी निकाल देता येत नाही. पुढची पेशी."

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून ह्या घरच्या अदालतीत मी त्यांची पेशकार, म्हणजे कारकून, झाले. खटल्याच्या कागदांच्या गठ्ठ्याला तिकडे मिसल म्हणत. काका मला म्हणत, "यमूबाई, मिसलीवर घ्या," आणि मी दोडक्याचं म्हणणं मिसलीवर घेई. अकरा वर्षांच्या मुलीला बाई म्हणणारे आणि तिने लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवायला लावणारे ते एकटेच होते. त्यामुळे मला ते फार आवडत.

काकू मी जन्मायच्या आधीच गेल्या होत्या. मूल एकच, गोदूताई. तिला देवासला दिलं होतं. आणि इथून आपल्या गोष्टीला सुरुवात होते.

आमच्यात तेव्हा रीत अशी होती की मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. पुष्कळ लोक ही रीत बेताने पाळत. फराळ चालतो म्हणत, दूध चालतं म्हणत. नानाकाका कायद्याचे माणूस. त्यांनी पाणीसुद्धा वर्ज्य ठरवलं. धारहून इंदूरला टांग्याने एक दिवस आणि पुढे देवासला अर्धा, असा तो प्रवास. म्हणजे मुक्काम आलाच. मग काका देवासच्या धर्मशाळेत उतरत, तीन दगडांवर स्वतः खिचडी शिजवत आणि चांगल्या पदावरच्या व्याह्यांची गावभर शोभा होई. "अहो, लोक मला विचारतात, तुमचे व्याही संन्यासी झाले का म्हणून!" असं गोदूताईच्या सासऱ्यांनी पत्रात लिहिलं होतं. त्या लाजेपायी काकांनी जाणं कमी करत करत वर्षातून एकदावर आणलं.

आणि मग एक दिवस त्यांनी मोटार घेतली. महूच्या छावणीतला एक गोरा अधिकारी मायदेशी परत चालला होता, त्याची. हिरवा रंग, पितळेचे दिवे. धारमध्ये दरबार सोडला तर मोटार कुणाकडेच नव्हती, त्यामुळे काकांना म्हातारपणी मिजास सुचली असं लोक म्हणाले. पण हिशेब सरळ होता. मोटारीने पहाटे निघालं की नऊ-दहाला देवास, दुपारी उलट निघालं की दिवेलागणीला धार. मुक्काम नाही, म्हणजे खिचडी नाही, म्हणजे व्याह्यांची शोभा नाही. दर महिन्याला जाता येणार होतं. गोदूताईला सोबत म्हणून ते मला बरोबर नेत.

डबा आणि पाण्याची सुरई घरून यायची. आता तो डबा खायचा कुठे? देवास तेव्हा दोन राजांचं होतं, थोरली पाती आणि धाकटी पाती. मोठ्या रस्त्याची एक बाजू एका राज्यात तर दुसरी दुसऱ्या. व्याह्यांचं घर थोरल्या पातीत. काका मोटार समोरच्या कडेला लावत आणि तिथे डबा सोडत. "हे संस्थान वेगळं," ते म्हणत. "इथे मी जेवलो तर मुलीच्या घरी काय, तिच्या राज्यातही जेवलो असं होत नाही." मग ह्या राज्यातून काका आणि त्या राज्यातून व्याही, अशा मोठ्याने गप्पा चालत. मधून बैलगाड्या जात. गोदूताई दाराच्या चौकटीला टेकून उभी राही आणि बापाच्या डब्यात काय काय आहे ते लांबूनच बघे.

तिला सासरी कुणी वाईट वागवत नव्हतं. पण लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती. हळदीकुंकवाला बायका तिची ओटी भरताना जरा जास्त वेळ घेत आणि मग उसासा टाकत. महिन्यातला तो एक दिवस मात्र ती कुणाची सून नसे. ती नानासाहेबांची गोदू असे.

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. वडिलांनी मला घरी इंग्रजी शिकवलं होतं, म्हणून ते वाचून काकांना आणि नंदराम ड्रायव्हरला मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यात जाड अक्षरांत लिहिलं होतं की पुढच्या पितळी टाकीत पाणी नसताना इंजिन कधीही, कोणत्याही कारणाने, चालवू नये. पाण्यावाचून ते तापून फुटेल.

ज्येष्ठातली गोष्ट. देवासहून निघायच्या वेळी नंदरामने टाकीचं झाकण उघडलं तर आत थेंब नव्हता. टाकीला खालून बारीक चीर गेली होती आणि काका व्याह्यांशी गप्पा मारत असताना सगळं पाणी धाकट्या पातीच्या धुळीत जिरून गेलं होतं. नंदराम उज्जैनकडचा, डोकेबाज. त्याने साबण चोळून चीर बुजवली आणि काकांपुढे येऊन उभा राहिला.

"हुजूर, टंकी खाली हे. सामने कुवा हे, दो घागर ले आऊं?"

"कोणाची विहीर?"

"बाईसाब के घर की."

"मग नाही."

"पण हुजूर, पाणी आपके वास्ते थोड़ी हे. मोटर के वास्ते हे."

"मोटार कोणाची?"

"आपकी."

"माझ्या घरी राहते, माझ्याकडून तेलपाणी घेते, माझ्याबरोबर प्रवास करते. म्हणजे माझ्या कुटुंबातली झाली. जे मला वर्ज्य ते तिला वर्ज्य."

रस्त्याच्या आमच्या बाजूची विहीर उन्हाळ्याने आटली होती. मी म्हटलं, "काका, पुस्तकात जाड अक्षरांत लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला मुलगी नसावी," काका म्हणाले. "चला. क्षिप्रा सात-आठ मैलांवर आहे, तिथे भरू."

गोदूताई तोवर भरलेली घागर कमरेवर घेऊन दारात आली होती. तिने ती हळूच खाली ठेवली.

चार मैल आम्ही गेलो. आधी तापलेल्या तव्याचा वास आला. मग तांबट आळीतून जातोय असा आवाज सुरू झाला. मग असा एक दणका बसला की कडेच्या बाभळीवरचे सगळे बगळे उडाले. आणि मग सगळं शांत.

"थांबली का?" काकांनी विचारलं.

"रुकी नी हुजूर," नंदराम म्हणाला. "गई."

जवळच्या गावातला एक शेतकरी बैलजोडी घेऊन आला आणि मोटार ओढत धारला पोचवायला चार दिवस लागले. वाटेतल्याच एका खेड्यात त्याची मुलगी दिलेली होती. तिच्या दारी त्याने बैल सोडले, त्यांना पोटभर पाणी पाजलं, आणि स्वतः मात्र कोरड्या घशाने पुढच्या ओढ्यापर्यंत चालत राहिला. काका हे बघत होते. न राहवून त्यांनी विचारलं, "का हो, तुम्ही तिथलं पाणी पीत नाही, मग बैलांना कसं चालतं?"

तो शेतकरी काकांकडे जरा काळजीनेच बघायला लागला. "कन्यादान म्हने कर्यो थो, बासाब," तो म्हणाला. "बेल ने थोड़ी कर्यो!"

पुढचे तीन दिवस काका 'कन्यादान मी केलं, बैलाने थोडंच!' हे त्याचं वाक्य मराठीत घोळवत राहिले.

धारला आल्यावर इंजिन मोटारीतून काढून ओसरीवर एका लाकडी पलंगावर ठेवलं आणि वर बाग गावच्या छापाचं जाजम घातलं. काका त्याला मुद्देमाल म्हणत. एक नवखे पाहुणे ओसरीवर अर्धा तास अगदी हळू आवाजात बोलले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार दिवस पडून आहेत का?"

नुकसान मोठं होतं. एका नळकांड्याला वीतभर तडा गेला होता. आतले दोन दट्टे जागच्या जागी चिकटून बसले होते आणि एक दांडा विळ्यासारखा वाकला होता. खटल्याचा मुद्दा काकांनी मला मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितला : इंजिन दुरुस्त करावं की नवं आणावं?

पहिली साक्ष झाली ती मुंबईच्या एका कंपनीच्या एजंटाची. सुटाबुटातले गृहस्थ, मालव्याच्या धुळीने वैतागलेले. त्यांनी जाजमाचं एक टोक दोन बोटांनी उचललं आणि लगेच सोडलं.

"रावसाहेब, हे भंगार आहे. नवं विलायतेहून मागवू. सहा महिन्यांत बोटीने येईल आणि मग दहा वर्षं तुम्हाला झाकण उघडायला नको."

"दहा?" काकांनी विचारलं.

"दहा. लिहून देतो."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मिसलीवर घ्या, यमूबाई. दहा वर्षं."

दुसरी साक्ष गणपतलाल मिस्त्रींची. रतलामच्या रेल्वे कारखान्यात आयुष्य गेलेला म्हातारा, कानावर विडी, हातात लहानशी हातोडी. त्यांनी पलंगाशी मांडी घातली, इंजिनावर ठिकठिकाणी ठोकलं आणि प्रत्येक वेळी कान लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. भागीरथीबाई दारातून म्हणाली, "नाडी लागतेय का हो?"

"मर्यो नी हे, साब," मिस्त्री म्हणाले. "बेहोस हे." तड्यावर तांब्याची पट्टी स्क्रूंनी बसवू, नवे दट्टे रतलामला ओळखीत कातून आणू, दांडा भट्टीत सरळ करू.

"किती चालेल?"

"दो साल. घणा प्रेम से चलाओ तो ढाई."

एजंट हसले. "दोन वर्षांसाठी कोण हा खटाटोप करतो?"

मिस्त्रींनी विडी कानावरून काढली. "भिया, तमारे घर में दादाजी बीमार पड़े, तो बंबई से नवा मंगाओ हो कंई?"

एजंट बुटांवरची धूळ झटकू लागले. मला वाटलं, झाला निकाल. नंदरामलाही वाटलं, कारण तो जाजमाची घडी घालायला लागला. पण काकांनी चष्मा काढून पुसला.

"पुढची पेशी."

अशा नऊ पेश्या झाल्या. आषाढ गेला, श्रावण गेला. इंजिन पलंगावर आणि भागीरथीबाईचं पावसात सादळलेलं वाळवण इंजिनावर. "मुद्देमालावर पापड घालू नका," काका ओरडत. ती म्हणे, "मग त्याला मारा तरी नाहीतर उठवा तरी. माझी ओसरी अडली आहे."

इकडे देवासहून पत्रं येत. गोदूताईला लिहिता येत होतं, पण ती थोडंच लिही. पहिल्या पत्रात होतं, "मोटार बरी झाली का?" दुसऱ्यात, "पाऊस फार आहे, घाई करू नये." तिसऱ्यात फक्त, "वाट पाहते."

माझे वडील शेवटी चिडले. "नाना, तीन महिने मुलीचं तोंड पाहिलं नाहीस. टांग्याने जायचं तर तुझी ती खिचडी आडवी येते. मग मागव की नवं इंजिन! तुला काय कमी आहे?"

"पैशाचा मुद्दाच नाही," काका म्हणाले. "यमूबाई, मिसलीवर घ्या, खर्चाचा मुद्दा नाही."

"मग अडलंय काय?"

"दुसरी बाजू ऐकायची राहिली आहे."

"कुठली दुसरी बाजू? सगळं धार साक्ष देऊन गेलं!"

काका मिसल बांधू लागले. गावात मात्र सगळ्यांना कळून चुकलं की नानासाहेब कंजूष आहेत. बाजारात उघड बोलत. नंदराम त्यांच्या बाजूने भांडून येई आणि घरी आला की तोही मान हलवी.

भाद्रपदात चौथं पत्र आलं. "दिवाळीला याल ना, बाबा?" काकांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, उघडलं, पुन्हा वाचलं. "दुसरं काही लिहिलेलं नाही," असं स्वतःशीच म्हणाले. मग मला हाक मारली.

"यमूबाई, दौत आणा. फैसला लिहायचा आहे."

पहिला मुद्दा, चूक कोणाची. काकांनी उभं राहून सांगितलं आणि मी लिहिलं : चूक सर्वस्वी मालकाची. वाहनाने कन्यादान केलेलं नसतं, सबब त्याला मुलीच्या घरचं पाणी वर्ज्य नाही. मालकाने ड्रायव्हर नंदराम याचा सल्ला मानला नाही, याबद्दल त्याने नंदरामची चारचौघांत माफी मागावी आणि एक महिना चहा सोडावा. मग त्यांनी नंदरामला बोलावून खरोखरच हात जोडले. तो बिचारा इतका घाबरला की मोटारीच्या मागे जाऊन बसला.

दुसरा मुद्दा. काका येरझारा घालू लागले.

"लिहा. इंजिन दुरुस्त करावं. नवं आणू नये."

मी लिहिलं. "कारण?"

"कारण लिहायलाच हवं का?"

"तुम्हीच सांगता, काका. कारणावाचून फैसला म्हणजे दांडगाई."

"बरं. लिहा, खर्च फार होतो."

मी टाक ठेवला. मिसल उलगडली आणि पान काढून त्यांच्यासमोर धरलं. "इथे लिहिलंय, खर्चाचा मुद्दा नाही. तुम्हीच सांगितलंत."

मला वाटलं होतं ते शाबासकी देतील. ते पलंगाच्या कडेला, इंजिनाशेजारी बसले. एरवी ताठ बसणारा माणूस, तो एकदम लहान दिसायला लागला.

"यमे," ते म्हणाले. बाई म्हणाले नाहीत. "तो मुंबईवाला दहा वर्षं म्हणाला. ऐकलंस ना?"

"हो."

"ही मोटार मी कशाला घेतली? मुलीच्या घरी पाणी न पिता परत येता यावं म्हणून. तिला मूल झालं की हिचं काम संपलं. मग मी टांग्याने जाईन आणि आठ आठ दिवस राहीन. आता मी दहा वर्षांचं इंजिन मागवलं, तर त्याचा अर्थ काय होतो? बापाने दहा वर्षांची आशा सोडली. देवासला मोटार दारात उभी राहणार, लोक म्हणणार, नवं इंजिन, दहा वर्षांचं. आणि ती दारात उभी राहून ऐकणार."

मी टाक पुन्हा उचलला आणि तसाच हातात धरला.

"दोन वर्षं ठीक आहेत," ते म्हणाले. "दोन वर्षांत काही वावगं नाही. वाट बघतोय म्हणता येतं. खरं तर दुरुस्तीचीही गरज पडू नये, त्याआधीच एखाद्या पत्रात बातमी येईल, असं वाटत होतं. म्हणून पेश्या." मग ते उठले आणि पुन्हा न्यायाधीश झाले. "हे मिसलीवर घ्यायचं नाही. लिहा, खर्च फार होतो. वाचणाऱ्याला विसंगत वाटलं तर वाटू दे."

मी लिहिलं. माझ्या हातून जाणूनबुजून चुकीचं लिहिलं गेलेलं ते पहिलं कारण.

पुढचं आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल. गणपतलाल मिस्त्रींनी इंजिन उठवलं आणि ते अडीच नाही, चांगलं तीन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी गोदूताईला मुलगी झाली. मुलगी झाली तर रीत सुटते की मुलगाच हवा, असा प्रश्न जुन्या मंडळींनी काढला. काका म्हणाले, "प्रश्न फेटाळला." दुसरी बाजू ऐकली नाही, पेशी दिली नाही. आयुष्यात एका दमात दिलेला त्यांचा हा एकच निकाल. त्यानंतर ते देवासला अकरा दिवस राहिले आणि इतकं जेवले, की सासऱ्यांनी माझ्या वडिलांना लिहिलं, धर्मशाळेतली खिचडी बरी होती.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवाळीचं.

आम्ही देवासला पोचलो. मोटार नेहमीसारखी समोरच्या कडेला लागली. काकांनी डबा काढला आणि नंदरामला मोठ्याने, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "टाकीत पाणी भर. व्याह्यांच्या विहिरीचं भर. तसा फैसला झाला आहे."

नंदराम घागर आणायला गेला, पण गोदूताईने ती त्याला दिली नाही. डोक्यावर पदर घट्ट ओढून ती स्वतः रस्ता ओलांडून आली आणि तांब्या तांब्याने टाकीत पाणी ओतू लागली. सहा वर्षांत तिच्या हातचं काही बापाच्या घरी गेलं नव्हतं. टाकी भरून पाणी खाली सांडायला लागलं तरी ती ओतत होती. काका भाकरीकडे बघत होते.

सासरे पलीकडून म्हणाले, "काय व्याही, इंजिन जुनंच का? आम्ही ऐकलं होतं की विलायतेहून नवं येतंय."

"खर्च फार," काका म्हणाले.

सासरे हसले. आजूबाजूचे दोघे-चौघे हसले. गोदूताई हसली नाही. ती रिकामी घागर घेऊन परत गेली आणि मी तिच्या मागोमाग आत गेले. माजघरात तिने मला थांबवलं.

"यमू, खरं सांग. बाबांनी नवं का नाही घेतलं? त्यांना खर्चाचं कधी काही वाटत नाही. माझ्यासाठी वाटलं का?"

मिसलीवर घ्यायचं नाही, असं काका म्हणाले होते. सांगायचं नाही असं म्हणाले नव्हते. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मी एवढा विचार केलाच नाही. तिचा चेहरा बघितला आणि सगळं सांगून टाकलं.

ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. मग मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि चालत दाराशी गेली.

"बाबा!" तिने रस्त्यापलीकडे हाक मारली, अशी की धाकट्या पातीतल्या दोन बायका खिडकीत आल्या. "केवढे हो कंजूष तुम्ही! एकुलत्या एका मुलीसाठी एक इंजिन सुटेना हातून?"

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या कडीकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती कमरेवर हात ठेवून हसत उभी होती.

"आहेच मी कंजूष!" काका ओरडून म्हणाले. इतकं खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "सगळं धार म्हणतं! खोटं कसं असेल?"

आणि मग त्यांनी डब्यातले सगळे लाडू एका फडक्यात बांधले आणि मला बोलावून तिच्याकडे पोचवायला दिले. बापाकडून मुलीकडे जायला त्या रस्त्यावर कधीच कसली मनाई नव्हती.